अपॅची डर्बी

अपॅची डर्बी हे संपूर्णपणे जावा भाषेत लिहिलेले, मुक्तस्रोत संबंधात्मक विदागार आहे. विदागार म्हणजे व्यवहारात ज्याला डेटाबेस म्हटले जाते ते. डर्बीसाठी वेगळा सर्व्हर उभारावा लागत नाही, त्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ लागत नाही. जावा चालू शकणाऱ्या कोणत्याही संगणकावर ते चालते आणि त्यातील संपूर्ण विदा एकाच फोल्डरमध्ये राहते. मूळ इंजिनाचा आकार सुमारे ३.५ मेगाबाइट आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांचे प्रकल्प, सॉफ्टवेअरच्या चाचण्या आणि छोट्या संस्थांच्या नोंदवह्या यांसाठी त्याचा वापर होत आला.

या लेखातील उदाहरणे रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या छोट्या सार्वजनिक वाचनालयाची कल्पना करून दिली आहेत. रत्नागिरीला वाचनालयांची जुनी परंपरा आहे. तेथील नगर वाचनालयाची स्थापना १८२८ सालची मानली जाते. तालुक्याच्या वा गावच्या वाचनालयात पुस्तकांची दाखल नोंदवही, सभासदांची यादी आणि देवघेव अशा तीन वह्या असतात, आणि संबंधात्मक विदागार समजून घेण्यासाठी या तीन वह्यांहून सोपे उदाहरण सापडणे कठीण आहे. एसक्यूएल या विदाभाषेतील आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकाव्या लागतात. येथे त्या उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत.

इतिहास

संबंधात्मक विदागाराची कल्पना आयबीएममधील गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून पुढे आली. माहिती सारण्यांमध्ये, म्हणजे ओळी व स्तंभ यांच्या रूपात ठेवावी आणि सारण्यांमधील नाते समान मूल्यांवरून जोडावे, हे तिचे सार होय. पुढील पंचवीस वर्षांत या कल्पनेवर मोठमोठी व महागडी उत्पादने उभी राहिली. ती बहुतेक सी भाषेत लिहिलेली होती.

जावा भाषा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. पाठोपाठ १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे क्लाउडस्केप ही कंपनी स्थापन झाली आणि १९९७ मध्ये तिने जावात लिहिलेले विदागार बाजारात आणले. १९९९ मध्ये इन्फॉर्मिक्सने क्लाउडस्केप विकत घेतली. २००१ मध्ये इन्फॉर्मिक्सचा विदागार व्यवसाय आयबीएमकडे गेला. २००४ मध्ये आयबीएमने या विदागाराचा स्रोत अपॅची सॉफ्टवेअर फाउंडेशनला दिला आणि त्याला डर्बी हे नाव मिळाले. २००५ मध्ये तो अपॅचीचा पूर्ण मान्यताप्राप्त प्रकल्प झाला.

सन मायक्रोसिस्टिम्सने हेच विदागार 'जावा डीबी' या नावाने डिसेंबर २००६ मध्ये आलेल्या जावा ६ च्या विकसन संचात समाविष्ट केले. जावा शिकणाऱ्याच्या संगणकावर ते आपोआप येऊ लागले. २०१७ मधील जावा ९ पासून मात्र ते संचातून वगळण्यात आले. या काळातील पाठ्यपुस्तकांत दिसणारे 'जावा डीबी' आणि 'डर्बी' ही दोन वेगळी उत्पादने नव्हेत.

रचना

डर्बी दोन प्रकारे चालते. पहिला प्रकार एम्बेडेड, म्हणजे अंतर्भूत. यात विदागाराचे इंजिन वापरकर्त्याच्या जावा प्रोग्रामच्याच आत, त्याच जावा आभासी यंत्रात चालते. प्रोग्राम सुरू झाला की विदागार सुरू होते. दुसरा प्रकार नेटवर्क सर्व्हरचा. यात इंजिन एका संगणकावर चालते आणि इतर प्रोग्राम १५२७ क्रमांकाच्या पोर्टवरून त्याच्याशी बोलतात. दोन्ही प्रकारांत जोडणी जेडीबीसी या जावाच्या प्रमाणित पद्धतीने होते. त्यामुळे जोडणीचा पत्ता बदलला की उरलेला प्रोग्राम सहसा तसाच ठेवता येतो.

अंतर्भूत प्रकाराची एक अट नवशिक्यांना हमखास अडवते. एका वेळी एकच जावा आभासी यंत्र विदागार उघडू शकते. एका खिडकीत विदागार उघडे असताना दुसऱ्या खिडकीतून ते उघडू पाहिल्यास 'एक्सएसडीबी६' या क्रमांकाची त्रुटी येते. विदागाराच्या फोल्डरमधील कुलूप-फाइल हे काम करते. ती पुसून टाकून वाट काढण्याचा मोह टाळावा, कारण दोन इंजिनांनी एकाच वेळी त्याच फाइलींवर लिहिल्यास विदा कायमची बिघडू शकते. मोठ्या विदेच्या अभ्यासक्रमात अपॅची हाइव्ह शिकणाऱ्यांनाही हाच अडथळा येतो. हाइव्ह आपली सारण्यांविषयीची माहिती मूळ मांडणीत डर्बीमध्येच ठेवते, त्यामुळे दुसरे सत्र उघडता येत नाही.

विदागाराच्या फोल्डरमध्ये 'सेग०' नावाच्या उपफोल्डरात प्रत्यक्ष सारण्या, 'लॉग' नावाच्या उपफोल्डरात बदलांची नोंद आणि 'सर्व्हिस डॉट प्रॉपर्टीज' या फाइलीत मूलभूत मांडणी असते. कोणताही बदल आधी लॉगमध्ये लिहिला जातो, नंतर सारणीत. कोकणात पावसाळ्यात वीज अचानक जाणे ही नित्याची गोष्ट. अशा वेळी संगणक बंद पडला तरी पुढच्या वेळी विदागार उघडताना डर्बी लॉग वाचते, पूर्ण झालेले व्यवहार राखते आणि अर्धवट राहिलेले रद्द करते. म्हणून लॉगचा फोल्डर 'जागा खातो' या कारणास्तव हाताने रिकामा करणे म्हणजे विदागार मोडणे होय.

स्थापना

डर्बीच्या आधी संगणकावर जावा असावी लागते. कोणती आवृत्ती निवडावी हे जावाच्या आवृत्तीवर अवलंबून आहे. नोव्हेंबर २०२३ मधील १०.१७.१.० या आवृत्तीस जावा २१ लागते, तर जुन्या संगणकावर जावा ८ असल्यास १०.१४.२.० ही आवृत्ती चालते. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हीच विसंगती बहुतेक तक्रारींच्या मुळाशी असते. स्थापनेपूर्वी 'जावा -व्हर्जन' ही आज्ञा देऊन आवृत्ती पाहून घ्यावी.

डर्बीचे संकुचित बाड अपॅचीच्या संकेतस्थळावरून उतरवून एखाद्या फोल्डरमध्ये उलगडले की स्थापना झाली. तेथील 'लिब' फोल्डरमध्ये जार प्रकारच्या फाइली असतात. डर्बी डॉट जार हे इंजिन. डर्बीशेअर्ड डॉट जार हा सर्वांना लागणारा सामाईक भाग, जो १०.१५ पासून वेगळा झाला. जुन्या मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख नसतो, आणि ती वाचून केवळ डर्बी डॉट जार जोडणाऱ्याचा प्रोग्राम नव्या आवृत्तीत सुरूच होत नाही. याशिवाय साधने, नेटवर्क सर्व्हर व नेटवर्क ग्राहक यांच्या स्वतंत्र जार असतात.

सरावासाठी 'आयजे' नावाचे आज्ञा-साधन सोबत मिळते. लिब फोल्डरमध्ये जाऊन 'जावा -जार डर्बीरन डॉट जार आयजे' अशी आज्ञा दिली की ते सुरू होते. त्यात 'कनेक्ट' या शब्दापुढे एकेरी अवतरणांत विदागाराचा पत्ता द्यायचा असतो. पत्त्याचे तीन भाग असतात: 'जेडीबीसी:डर्बी:' हा ठराविक आरंभ, मग विदागाराचे नाव, आणि अर्धविरामानंतर 'क्रिएट=ट्रू'. शेवटचा भाग फक्त पहिल्या वेळी लागतो. नावासोबत पूर्ण मार्ग न दिल्यास, ज्या फोल्डरमधून आज्ञा दिली तेथेच विदागार तयार होते. दुसऱ्या दिवशी वेगळ्या फोल्डरमधून 'क्रिएट=ट्रू'सह तीच आज्ञा दिल्यास दुसरे, रिकामे विदागार तयार होते आणि कालच्या नोंदी 'नाहीशा झाल्या' असा समज होतो. त्या जुन्या ठिकाणी सुरक्षित असतात. 'डर्बी डॉट सिस्टिम डॉट होम' या गुणधर्मात एक कायमचा फोल्डर ठरवून दिल्यास हा घोळ होत नाही.

काम संपल्यावर विदागार विधिवत बंद करावे. यासाठी पत्त्यात 'शटडाउन=ट्रू' असे लिहितात. येथे डर्बीचे एक विचित्र वळण आहे. बंद होणे यशस्वी झाले, हे ते त्रुटी म्हणूनच कळवते. संपूर्ण इंजिन बंद केल्यास 'एक्सजे०१५' आणि एकच विदागार बंद केल्यास '०८००६' हा क्रमांक येतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने हे दोन क्रमांक यशाची खूण म्हणून ओळखावे लागतात.

नमुना विदागार: वाचनालय

'क्रिएट टेबल' या आज्ञेने सारणी तयार होते. पुस्तके या सारणीत दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशन वर्ष आणि किंमत असे स्तंभ असतील. सभासद या सारणीत सभासद क्रमांक, नाव व गाव. तिसरी सारणी देवघेवीची. तीत दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, दिल्याचा दिनांक व परत आल्याचा दिनांक. पुस्तकाचे नाव देवघेवीत पुन्हा लिहायचे नाही. दाखल क्रमांकावरून ते पुस्तकांच्या सारणीतून मिळते, आणि कॉड यांच्या कल्पनेतील 'नाते' ते हेच. देवघेवीतील दाखल क्रमांक 'फॉरिन की' म्हणून घोषित केला की अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाची नोंद विदागार स्वीकारतच नाही.

स्तंभांना मराठी नावे देता येतात, परंतु ती दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावीत. डर्बी अवतरणाविना केवळ युनिकोडमधील अक्षरे, अंक व अधोरेखा स्वीकारते. काना, मात्रा, वेलांटी यांची गणना युनिकोडच्या वर्गवारीत अक्षरांत होत नाही, चिन्हांत होते.

दाखल क्रमांकासाठी 'जनरेटेड ऑलवेज ॲज आयडेंटिटी' ही आपोआप क्रमांक देणारी सोय वापरण्याचा सल्ला बहुतेक मार्गदर्शिका देतात. वाचनालयाच्या बाबतीत तो मानू नये. डर्बीच्या अलीकडच्या आवृत्त्या वेगासाठी असे क्रमांक सहसा शंभरच्या गठ्ठ्याने आधीच राखून ठेवतात. विदागार विधिवत बंद न होता वीज गेली तर राखलेले पण न वापरलेले क्रमांक वाया जातात आणि ४१२ नंतर थेट ५०१ असा काहीसा क्रम दिसू लागतो. सभासदांच्या आंतरिक क्रमांकाला याने बाधा येत नाही. पण दाखल नोंदवहीत क्रमांक सुटला की पुस्तक गहाळ झाल्याचा अर्थ निघतो आणि तपासणीच्या वेळी खुलासा द्यावा लागतो. दाखल क्रमांक हा पूर्णांक स्तंभ ठेवून त्यात क्रमांक स्वतः भरावा आणि त्याला 'प्रायमरी की' घोषित करावे. मग एकच क्रमांक दोनदा पडत नाही.

कोणती पुस्तके अजून परत आली नाहीत, हा वाचनालयातील रोजचा प्रश्न. त्यासाठी देवघेव व सभासद या सारण्या 'जॉइन'ने जोडून परतीचा दिनांक 'इज नल' अशी अट घालतात. येथे बरोबरीचे चिन्ह चालत नाही. 'नल' म्हणजे शून्य नव्हे, रिकामे अक्षरही नव्हे. मूल्य ज्ञातच नाही असा त्याचा अर्थ असल्याने ते कशाच्याही 'बरोबर' नसते. पहिल्या दहा ओळी हव्या असल्यास 'लिमिट' हा इतर विदागारांत चालणारा शब्द डर्बीला कळत नाही. 'फेच फर्स्ट १० रोज ओन्ली' असे प्रमाणित एसक्यूएलमधील रूप लिहावे लागते. दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावा.

आयजेमध्ये प्रत्येक आज्ञा ताबडतोब पक्की होते. दोन बदल एकत्रच व्हावेत किंवा एकही होऊ नये, अशी गरज असल्यास 'ऑटोकमिट ऑफ' करून काम झाल्यावर 'कमिट' म्हणावे. चूक लक्षात आल्यास 'रोलबॅक'. परत आलेले पुस्तक जमा करून त्याच वेळी दुसऱ्या सभासदास देणे हा असा एक व्यवहार आहे.

मराठी मजकूर

जावामधील मजकूर आरंभापासून युनिकोडमध्ये असतो. त्यामुळे डर्बीत मराठी साठवण्यासाठी कोणतीही वेगळी मांडणी करावी लागत नाही. अडचण साठवण्यात येत नाही. ती लांबी, क्रम आणि शोध या तीन ठिकाणी येते, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिचा मागमूस नसतो.

मजकुराच्या स्तंभाची लांबी डर्बी युनिकोडच्या घटकांत मोजते, आपण उच्चारतो त्या अक्षरांत नव्हे. 'रत्नागिरी' या शब्दात उच्चारी अक्षरे चार आहेत: र, त्ना, गि, री. विदागाराच्या हिशेबी ती नऊ आहेत, कारण त, हलन्त, न आणि काना हे प्रत्येकी एक धरले जाते आणि दोन्ही वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात. 'श्री' एवढ्यालाच चार जागा लागतात. लांबी अपुरी पडल्यास डर्बी मजकूर गुपचूप कापत नाही, नोंदच नाकारते, हे चांगलेच आहे. शीर्षकासाठी ढोबळमानाने अक्षरांच्या तिप्पट जागा ठेवावी. यात कंजुषी करण्याचे कारण नाही, कारण या प्रकारच्या स्तंभात प्रत्यक्ष मजकुराइतकीच जागा व्यापली जाते.

क्रमाचा प्रश्न अधिक गहन आहे. 'ऑर्डर बाय' ही आज्ञा मूळ मांडणीत अक्षरांचे युनिकोड क्रमांक पाहून क्रम लावते. जिल्ह्यातील नऊ तालुक्यांची नावे यादीत घातली तर खेड, गुहागर, चिपळूण, दापोली, मंडणगड, रत्नागिरी, राजापूर, लांजा, संगमेश्वर असा अगदी बिनचूक क्रम मिळतो, आणि सारे ठीक आहे असा विश्वास बसतो. गावांची यादी केली की दोष उघडा पडतो. कोतवडे, कोळंबे, कोसुंब असा क्रम येतो. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये, ०९३३ क्रमांकावर आहे. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या वर्णमालेत तो ह नंतर येतो, म्हणून कोळंबे हे कोसुंबनंतर यायला हवे.

ॲ या अक्षराची गत याहून वाईट आहे. ते युनिकोडमध्ये २००८ साली, बऱ्याच उशिरा आले आणि त्याला ०९७२ हा क्रमांक मिळाला. ह चा क्रमांक ०९३९ आहे. परिणामी ॲ ने सुरू होणारी सर्व शीर्षके यादीच्या शेवटी, ह च्याही खाली जाऊन बसतात. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयात ॲ व ऑ यांना स्वरांमध्ये स्थान आहे, पण संगणकास त्याची दखल नाही. क्ष ची कथा निराळी. युनिकोडमध्ये तो एक वर्ण नसून क, हलन्त व ष अशी जोडणी आहे. म्हणून 'क्षमा' हा शब्द 'कौशल्य' नंतर आणि 'खेड' च्या आधी येतो. क्ष ला जोडाक्षर मानणाऱ्यास हे पटेल. स्वतंत्र वर्ण मानणाऱ्यास तो ळ नंतर हवा. या बाबतीत कोशकारांतही एकमत नसल्याने केवळ यंत्राला दोष देता येणार नाही.

डर्बीत विदागार तयार करतानाच 'टेरिटरी' व 'कोलेशन' हे गुणधर्म देऊन भाषेनुसार क्रम मागता येतो. हा निर्णय नंतर बदलता येत नाही, आणि तो यशस्वी होणे त्या जावामध्ये त्या भाषेचे क्रमनियम असण्यावर अवलंबून आहे. हमखास उपाय वेगळा आहे. शीर्षकाशेजारी 'क्रमरूप' नावाचा आणखी एक स्तंभ ठेवावा. छोट्या जावा फलनाने शीर्षकातील ळ, ॲ, ऑ, क्ष, ज्ञ यांच्या जागी योग्य क्रम देतील अशी चिन्हे घालून ते रूप तेथे साठवावे आणि यादी त्या स्तंभावरून लावावी. १०.५ आवृत्तीपासून डर्बीत 'उत्पन्न स्तंभ' आहेत. फलन विदागारात नोंदवून 'निश्चितफल' म्हणून घोषित केले असल्यास हा स्तंभ आपोआप भरला जातो. कोणता वर्ण कोठे ठेवायचा हे मग संस्थेच्या हाती राहते.

शोधाच्या बाबतीत सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे डोळ्यांना सारखे दिसणारे पण आत वेगळे असलेले शब्द. 'किनाऱ्या' मधील ऱ्या दोन प्रकारे टंकला जातो. एकात ऱ हा स्वतंत्र वर्ण व हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह. कळफलक बदलला की रूप बदलते. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, विदागारात ते दोन वेगळे शब्द असतात, आणि एका रूपाने शोधल्यास दुसरे सापडत नाही. वाचक 'हे पुस्तक नाही' असे उत्तर ऐकून परत जातो, पुस्तक मात्र कपाटात असते. नोंद करण्यापूर्वीच प्रोग्रामने सर्व मजकूर एका रूपात आणावा.

देवनागरी अंकांचेही असेच. मजकुराच्या स्तंभात देवनागरी १२ आणि रोमन अंकांतील बारा समान ठरत नाहीत. क्रमांक, वर्ष, किंमत ही नेहमी अंकीय स्तंभांत ठेवावीत आणि देवनागरी अंक केवळ छपाईच्या वेळी आणावेत.

'लाइक' या आज्ञेने अंशतः शोध घेता येतो. येथे मराठीची सामान्यरूपे लक्षात ठेवावी लागतात. 'आंबा' असा पूर्ण शब्द शोधल्यास 'आंब्याची लागवड' हे शीर्षक सापडणार नाही, कारण ब नंतर काना नसून हलन्त आहे. 'आंब' एवढेच लिहून पुढे शेकडाचिन्ह घातल्यास दोन्ही सापडतात. जुन्या पुस्तकांचा प्रश्न याला जोडून येतो. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखननियम राज्य शासनाने १९६२ साली मान्य केले. त्यापूर्वीच्या मुखपृष्ठांवर 'नांव', 'कवि' अशी रूपे आढळतात. दाखल नोंदीत शीर्षक छापले आहे तसेच ठेवावे, ते सुधारण्याचा अधिकार नोंद करणाऱ्यास नाही. शोधासाठी आजच्या लेखनातील रूप वेगळ्या स्तंभात द्यावे.

जुन्या याद्यांची आयात

अनेक संस्थांकडे याद्या स्प्रेडशीटमध्ये आधीच असतात. त्या स्वल्पविरामांनी विलग केलेल्या फाइलीत काढून 'सिससीएस_इम्पोर्ट_टेबल' या अंगभूत प्रक्रियेने सारणीत भरता येतात. या प्रक्रियेस संकेतनाची पद्धत सांगण्याची सोय आहे. तेथे 'यूटीएफ-८' हे स्पष्ट लिहावे. ते रिकामे सोडल्यास संगणकाचे प्रचलित संकेतन धरले जाते आणि मराठीचा चिवडा होऊ शकतो. फाइलीतील शीर्षकांची पहिली ओळ आधी काढून टाकावी. काही स्प्रेडशीट प्रोग्राम फाइलीच्या अगदी आरंभी एक अदृश्य चिन्ह घालतात. पहिल्याच ओळीतील पहिला क्रमांक 'क्रमांक नाही' अशी तक्रार आल्यास कारण बहुधा तेच असते.

युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या टंकांत केलेल्या याद्या थेट भरू नयेत. त्या फाइलींत प्रत्यक्षात रोमन चिन्हे असतात, टंक त्यांना मराठीचे रूप देतो. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून, रूपांतरानंतर रफार व जोडाक्षरे हाताने तपासून मगच आयात करावी. विंडोजच्या काळ्या आज्ञा-खिडकीत देवनागरी नीट टंकता वा पाहता येत नाही. आज्ञा यूटीएफ-८ मध्ये जतन केलेल्या फाइलीत लिहून आयजेमध्ये 'रन' या शब्दाने चालवाव्यात आणि 'डर्बी डॉट यूआय डॉट कोडसेट' हा गुणधर्म त्याच संकेतनावर ठेवावा.

सुरक्षितता आणि बॅकअप

मूळ मांडणीत डर्बी परवलीचा शब्द मागत नाही. फोल्डर ज्याच्या हाती, विदा त्याच्या हाती. सभासदांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक साठवायचे असल्यास वापरकर्ता-ओळख सुरू करावी. १०.९ आवृत्तीपासून वापरकर्त्यांची नावे विदागारातच ठेवता येतात. संपूर्ण विदागार कूटबद्ध करण्याचीही सोय आहे, परंतु त्याचा परवलीचा शब्द हरवल्यास विदा परत मिळवण्याचा मार्ग नाही. नेटवर्क सर्व्हर मूळ मांडणीत फक्त त्याच संगणकावरील जोडण्या स्वीकारतो. वापरकर्ता-ओळख सुरू केल्याशिवाय तो इतर संगणकांसाठी खुला करू नये.

बॅकअपसाठी 'सिससीएस_बॅकअप_डेटाबेस' ही प्रक्रिया आहे. तिला गंतव्य फोल्डर सांगितला की चालू विदागाराची सुसंगत प्रत तेथे तयार होते. विदागार उघडे असताना फोल्डर नेहमीच्या पद्धतीने नकलून घेतल्यास सारण्या एका क्षणाच्या व लॉग दुसऱ्या क्षणाचा अशी प्रत हाती येते, जी गरजेच्या वेळी उघडेलच याची शाश्वती नाही. विदागार विधिवत बंद केल्यानंतर मात्र साधी नक्कल पुरते. प्रत परत आणण्यासाठी पत्त्यात 'रिस्टोअरफ्रॉम' हा गुणधर्म देतात.

प्रत कोठे ठेवावी, याचे उत्तर या जिल्ह्यात निसर्गानेच दिले आहे. चिपळूण शहर जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरात बुडाले. १८६४ साली स्थापन झालेल्या तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही पुराची झळ बसली. भिजलेली पुस्तके बदलून आणण्यासाठी आधी काय होते हे ठाऊक असावे लागते, आणि नोंदवही त्याच खोलीत असेल तर तीही पुस्तकांबरोबर जाते. पुस्तकांच्या आणि संगणकाच्या शेजारच्या खणात ठेवलेली पेन ड्राइव्ह हा या अर्थाने बॅकअप नव्हे. काही हजार पुस्तकांचे डर्बी विदागार थोड्या मेगाबाइटांत मावते. त्याची प्रत दुसऱ्या गावी पाठवणे किंवा आंतरजालावरील साठवणीत ठेवणे अवघड नाही. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

विकास थांबल्यानंतर

ऑक्टोबर २०२५ मध्ये डर्बीच्या विकसकांनी मतदान करून प्रकल्प निवृत्त केला. स्रोत व जुन्या आवृत्त्या वाचण्यासाठी व उतरवण्यासाठी उपलब्ध आहेत, पण नवे दोष आढळल्यास ते दुरुस्त होणार नाहीत. शिकण्यासाठी आणि आंतरजालाशी न जोडलेल्या एकट्या संगणकावर डर्बी वापरण्यास यामुळे लगेच बाधा येत नाही. नवीन संस्थात्मक काम सुरू करणाऱ्याने मात्र पर्याय पाहावा.

जावातच लिहिलेले दोन पर्याय प्रचलित आहेत. हायपरसॉनिक या थॉमस म्यूलर यांच्या प्रकल्पातून एचएसक्यूएलडीबी उभे राहिले. लिबरऑफिस बेस या मुक्त प्रणालीत त्याची एक जुनी आवृत्ती अंतर्भूत आहे. म्यूलर यांनीच पुढे नव्याने लिहिलेले एच२ हे २००५ मध्ये आले. एच२ मध्ये ब्राउझरमधून चालणारा फलक मिळतो आणि आयसीयू हा युनिकोडचा संग्रह जोडल्यास त्यातील भाषावार क्रमनियम वापरता येतात, हा मराठीच्या दृष्टीने मोठा लाभ आहे. मात्र एच२ च्या पहिल्या व दुसऱ्या मालिकेतील फाइली एकमेकींशी सुसंगत नाहीत. आवृत्ती बदलण्यापूर्वी विदा बाहेर काढावी लागते.

डर्बीतून बाहेर पडण्याचे काम दोन टप्प्यांचे आहे. 'डीबीलुक' हे सोबतचे साधन सर्व सारण्यांच्या व्याख्या एसक्यूएलच्या रूपात लिहून देते. 'सिससीएस_एक्स्पोर्ट_टेबल' प्रक्रियेने प्रत्येक सारणीची विदा यूटीएफ-८ मध्ये स्वतंत्र फाइलीत काढता येते. नव्या विदागारात आधी व्याख्या, मग पुस्तके व सभासद आणि शेवटी देवघेव या क्रमाने भरावे. क्रम उलटा झाल्यास 'फॉरिन की'ची अट प्रत्येक ओळ नाकारेल. भरून झाल्यावर दोन्हीकडील ओळींची संख्या 'काउंट'ने ताडून पाहावी आणि ळ, ॲ व ऱ्य असलेली काही शीर्षके शोधून पाहावीत.